नियमांमधून जगाचा इतिहास कसा घडवावा: डंजन मास्टरसाठी मार्गदर्शन

फँटसी रोल-प्लेइंग खेळासाठी, म्हणजे खेळाडू काल्पनिक पात्रे होऊन खेळतात अशा खेळासाठी, नवे जग रचायला बसलेला डंजन मास्टर (खेळ चालवणारा) बहुधा नकाशापासून सुरुवात करतो. मग राजघराण्यांच्या वंशावळी येतात, देवदेवतांची यादी येते, हजार वर्षांपूर्वीच्या महायुद्धाची हकीकत लिहून होते, आणि नियमपुस्तिका मात्र पहिल्या लढाईपर्यंत मिटलेलीच राहते. या क्रमाचा परिणाम दोन-तीन सेशनमध्येच, म्हणजे खेळाच्या बैठकांतच, दिसू लागतो. खेळाडूंना वंशावळ आठवत नाही; आपल्या पात्राला कोणते मंत्र येतात आणि ते दिवसातून किती वेळा टाकता येतात, हे मात्र त्यांना पाठ असते. म्हणून हा क्रम उलटा करावा. नियमपुस्तिकेतील नियम हेच त्या जगाचे निसर्गनियम आहेत असे धरावे, अशा जगात माणसे पिढ्यानपिढ्या राहिली असती तर त्यांनी कोणत्या रूढी पाडल्या असत्या, कोणते कायदे केले असते आणि कशाची धास्ती घेतली असती, याचा विचार करावा, आणि आख्यायिका त्यातून घडू द्याव्यात.

पुढील उदाहरणे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील आहेत. हा खेळ प्रथम १९७४ साली प्रसिद्ध झाला, त्याची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिचे सुधारित रूप २०२४ मध्ये निघाले. २०१४ च्या पायाभूत नियमांचा बराच भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे तो कोणालाही वाचता येतो, आणि येथील आकडे त्याच नियमांप्रमाणे दिले आहेत. आपल्या टेबलावर कोणते रूप चालणार, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. दुसऱ्याचा मंत्र तोडणाऱ्या काउंटरस्पेल या मंत्राचेच पाहा: २०१४ च्या नियमांत समोरच्याचा तिसऱ्या किंवा त्याखालच्या पातळीचा मंत्र आपोआप तुटत असे, तर सुधारित नियमांत मंत्र टाकणाऱ्याला सेव्हिंग थ्रो करून, म्हणजे बचावासाठी फासा टाकून, तो वाचवता येतो. जादूगारांच्या द्वंद्वयुद्धावर आधारलेली परंपरा रचायची असेल, तर एवढ्या फरकाने तिचे स्वरूप पालटते.

नियम या दृष्टीने वाचताना मंत्राने काय साधते, याकडे कमी आणि तो कोठे अडतो, याकडे अधिक लक्ष द्यावे. त्याला मुदत किती आहे, खर्च काय येतो, तो कोणाला टाकता येतो आणि कोणत्या परिस्थितीत फसतो, या चार गोष्टी कागदावर मांडल्या की जगाबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप पुढे येतात.

मृताला जिवंत करणारा ‘रेज डेड’ हा मंत्र या अभ्यासासाठी सर्वांत समृद्ध आहे. तो पाचव्या पातळीचा आहे. पातळी मंत्राची असते आणि लेव्हल पात्राची, त्यामुळे पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला (दैवी मंत्र टाकणाऱ्या पुजारी-पात्राला) तो येत नाही, त्यासाठी नवव्या लेव्हलपर्यंत पोहोचावे लागते. मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला नसावा. विधीला एक तास लागतो आणि त्यात किमान ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा नष्ट होतो. मृताचा आत्मा परत यायला राजी आणि मोकळा असावा लागतो. शीर नसेल तर मंत्र फसतो. परत आलेल्या व्यक्तीच्या हल्ल्याच्या फेकी, सेव्हिंग थ्रो आणि क्षमतेच्या चाचण्या यांतून ४ वजा होतात, आणि हे ओझे प्रत्येक लाँग रेस्टनंतर, म्हणजे दीर्घ विश्रांतीनंतर, एकेकाने उतरते.

यातील प्रत्येक अट वेगळी उचलून पाहावी. नियमांप्रमाणे अकुशल मजुराला दिवसाला २ चांदीची नाणी मिळतात आणि १० चांदीच्या नाण्यांचे एक सोन्याचे नाणे होते. म्हणजे तो हिरा विकत घ्यायला मजुराला २,५०० दिवसांची, जवळजवळ सात वर्षांची, मजुरी न खाता साठवावी लागेल. तेव्हा या जगात मरण सर्वांना आहे, परतीची वाट मात्र श्रीमंतांनाच आहे, ही गोष्ट डंजन मास्टरने वेगळी रचण्याची गरजच नाही. ती किमतीत लिहिलेली आहे. त्यावरून पुढचे प्रश्न विचारावेत. हिऱ्यांच्या खाणी कोणाच्या ताब्यात आहेत? युद्ध पेटले की राजा धान्याआधी हिऱ्यांच्या निर्यातीवर बंदी घालतो का? हिरा वर्गणीतून जमवण्यासाठी कारागिरांच्या संघांनी भिशीसारखी सोय केली आहे का, आणि तीत पहिला हक्क कोणाचा?

नवव्या लेव्हलच्या क्लेरिककडे पाचव्या पातळीचा स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची संधी) एकच असतो आणि तो लाँग रेस्टनंतरच भरून निघतो. त्यामुळे मोठ्या लढाईनंतर असा एक क्लेरिक दिवसाला एकालाच उठवू शकतो आणि मुदत संपेपर्यंत त्याच्या हातून दहाच्या आसपासच माणसे परत येतात. रणांगणावर तीनशे प्रेते असतील तर त्या दहा नावांची यादी कोण करते? येथे एक सबंध मोहीम, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, दडलेली आहे. यादीत भावाचे नाव खाली ढकलले गेले म्हणून फितूर झालेला सरदार हा खलनायक म्हणून कोणत्याही प्राचीन अंधारशक्तीपेक्षा मला अधिक पटतो, कारण त्याचा राग खेळाडूंना नियमांवरूनच उमगतो.

शीर नसेल तर मंत्र फसतो, या एका वाक्यावर दंडसंहिता उभी राहते. साधी फाशी आणि शिरच्छेद यांत त्या जगात केवळ पद्धतीचा फरक राहत नाही. पहिल्या शिक्षेतून पैसेवाल्या घराण्याचा गुन्हेगार आठवड्याभरात परत येऊ शकतो, दुसरीतून या मंत्राने तरी नाही. आत्म्याच्या राजीखुशीची अटही अशीच फलदायी आहे. २०१४ च्या डंजन मास्टरसाठीच्या नियमांनुसार आपल्याला कोण बोलावत आहे, त्याचे नाव, त्याची नैतिक प्रवृत्ती आणि त्याचे दैवत आत्म्याला कळते आणि तो नकार देऊ शकतो. मग शत्रूच्या देवळातून आलेली हाक नाकारणे ही वीरांची शपथ ठरू शकते, आणि अशी शपथ मोडून परत आलेल्या सेनापतीकडे त्याचेच सैनिक कसे पाहतील, हे सेशनमध्ये खेळून पाहता येते.

एका मंत्राचा असा विचार झाला की त्याला जोडून येणारे मंत्र शोधावेत. ‘जेंटल रिपोज’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र मृतदेह दहा दिवस कुजू देत नाही, आणि ते दिवस परतीच्या मुदतीत धरले जात नाहीत. त्याचे साहित्य म्हणजे चिमूटभर मीठ आणि मृताच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवायचे एकेक तांब्याचे नाणे. शिवाय तो रिच्युअल म्हणून दहा मिनिटे जास्त देऊन स्पेल स्लॉट न खर्चता टाकता येतो, त्यामुळे गावातल्या साध्या पुजाऱ्यालाही तो परवडतो. हजारो वर्षे हे चालत आले असेल, तर ज्यांना हिरा कधीच मिळणार नाही अशी कुटुंबेही डोळ्यांवर नाणी ठेवत राहतील, आणि मंत्र येत नसलेल्या गावात तो नुसता संस्कार म्हणून उरेल. आता पात्रांना वाटेत एक प्रेत सापडते आणि त्याच्या डोळ्यांवर नाणी आहेत. नियम माहीत असलेला खेळाडू लगेच विचारतो, की याला परत आणायचे कोणाच्या मनात होते? एका वर्णनाने शोध सुरू झाला आणि डंजन मास्टरला इतिहासाचे व्याख्यान द्यावे लागले नाही.

‘स्पीक विथ डेड’चेही तसेच आहे. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पण त्याचे तोंड शाबूत असावे लागते, गेल्या दहा दिवसांत त्याच्यावर हाच मंत्र टाकलेला नसावा लागतो, आणि विचारणारा शत्रू वाटला तर खरे बोलण्याचे बंधन प्रेतावर नसते. पेशेवर मारेकरी जबडा फोडून ठेवतात, ही प्रथा यातून सरळ निघते. त्याहून हुशार मारेकरी स्वतःच आधी मंत्र टाकवून पाच फालतू प्रश्न विचारून घेतो आणि पुढच्या दहा दिवसांसाठी साक्षीदाराचे तोंड बंद करतो. न्यायालयात ‘झोन ऑफ ट्रूथ’ वापरला जात असेल, तर तेथील वकिली कशी असेल हेही नियमच सांगतो. त्या वर्तुळात सेव्हिंग थ्रो हुकलेल्याला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, पण उत्तर टाळता येते. साहजिकच त्या राज्यात खोटे बोलण्याचे नव्हे, तर खरे बोलून दिशाभूल करण्याचे शिक्षण दिले जाईल.

मंत्रांइतकेच लक्ष एल्फ, ड्वार्फ अशा काल्पनिक वंशांच्या किरकोळ भासणाऱ्या गुणांकडे द्यावे. डार्कव्हिजन असलेल्या पात्राला साठ फुटांपर्यंत अंधारात अंधुक उजेडासारखे दिसते, पण रंग ओळखता येत नाहीत. सर्व काही करड्या छटांत दिसते. हा गुण ड्वार्फांना असतो, तरीही भूमिगत ड्वार्फ नगरांच्या वर्णनांत लाल-निळ्या पताका सर्रास आढळतात. तेथे घराण्यांची चिन्हे आकाराने आणि कोरीवकामाच्या खोलीने ओळखली जातील, आणि रंगीत वस्त्र घालून सोबत दिवा धरणारा सेवक नेणे हे वैभवाचे लक्षण ठरेल. एल्फ सुमारे साडेसातशे वर्षे जगतात. तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीचे युद्ध हे माणसांसाठी दंतकथा असले तरी कोणा एल्फच्या लेखी ती तरुणपणीची आठवण आहे. ‘विस्मृतीत गेलेले रहस्य’ रचताना ते एल्फच्या स्मरणातून का गेले, याचे उत्तर तयार ठेवावे.

भयकथाही नियमांतून मिळतात. ‘अ‍ॅनिमेट डेड’ने उठवलेला सांगाडा चोवीस तासच आज्ञेत राहतो, ताबा टिकवायचा तर ती वेळ संपण्यापूर्वी मंत्र पुन्हा टाकावा लागतो, आणि मंत्राच्या मूळ पातळीवर एका टाकण्यात जुन्यांपैकी चारांवरच ताबा राखता येतो. नेक्रोमॅन्सर (मृतांना उठवणारा जादूगार) मेला तरी सांगाडे उरतात. गावाबाहेरच्या कोसळलेल्या मनोऱ्यात कोणी का जात नाही, याचे कारण तेथेच आहे, आणि मनोऱ्याच्या धन्याची कोणती रोजची सवय अचानक थांबली, हे गावकऱ्यांच्या बोलण्यातून खेळाडूंना जुळवता येते.

असे जग रचून झाले की ते खेळाडूंपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न राहतो, आणि येथे बहुतेकांची चूक एकच असते: कथेसाठी अत्यावश्यक माहिती ते डी२० च्या, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या, एका फेकीमागे लपवतात. फेक हुकली की कथा तेथेच थांबते. त्याऐवजी माहितीचे थर करावेत. समजा, एका खोऱ्यात म्हण आहे, की दहाव्या रात्रीनंतर मेलेल्याला नावाने हाक मारू नये. ही म्हण गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला फासा न टाकता ऐकू यावी. रिलिजन चाचणीत, म्हणजे धर्मज्ञानासाठीच्या फेकीत, १० गाठणाऱ्याला हिचा संबंध ‘रेज डेड’च्या मुदतीशी आहे, हे कळावे. १५ गाठणाऱ्याला ‘रिझरेक्शन’ हा सातव्या पातळीचा मंत्र १,००० नाण्यांच्या हिऱ्याने शंभर वर्षांपर्यंतच्या मृतालाही परत आणू शकतो, हे आठवावे. आणि २० गाठणाऱ्याच्या लक्षात यावे, की ही म्हण खोऱ्यातील देवळानेच पसरवली आहे, कारण कोणाचा तरी आत्मा परत येऊन बोललेला त्या देवळाला नको आहे. फेक हुकल्यास खोटी माहिती मात्र देऊ नये. पुढे खेळाडू प्रत्येक वर्णनावर संशय घेऊ लागतात आणि तो विश्वास सहज परत मिळत नाही.

कधी कथा आणि नियम यांचा सरळ झगडा होतो. राजाचा खून झाला आहे आणि मोहिमेसाठी तो मेलेलाच राहणे आवश्यक आहे, पण दरबारात क्लेरिकही आहे आणि खजिन्यात हिराही आहे. अशा वेळी ‘येथे तो मंत्र चालत नाही’ असे फर्मान काढणे हा सर्वांत कमकुवत मार्ग होय. मंत्राच्या अटींकडे परत जावे, कारण प्रत्येक अट हे एक कथानक आहे. शीर पळवले गेले असेल तर ते शोधणे ही मोहीम होते. आत्मा कोठे तरी कैदेत असेल तर शत्रू स्पष्ट होतो. खजिन्यातला हिरा आधीच बदललेला असेल तर घरभेदी शोधावा लागतो. आणि राजानेच परत यायला नकार दिला असेल, तर राणीला ते कारण कधीच कळू नये असे वाटणारा कोणीतरी दरबारात असणारच. नियम खरोखरच बदलायचा असेल, तर तो मोहीम सुरू होण्यापूर्वी बदलावा आणि सर्वांना सांगावा, म्हणजे क्लेरिक निवडणाऱ्याची फसगत होणार नाही.

खेळाडूंना वाचायला द्यायचा मजकूर एका पानाच्या आत ठेवावा आणि त्यातील प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: हे कळल्यामुळे एखाद्या पात्राचा निर्णय बदलेल का? न बदलल्यास ते आपल्या वहीत राहू द्यावे. खेळताना कोणी अनपेक्षित प्रश्न विचारला आणि तुम्ही जागच्या जागी उत्तर दिले, तर सेशन संपताच ते त्या मंत्राच्या किंवा नियमाच्या नावाखाली नोंदवावे, तारखेप्रमाणे नव्हे. कारण तीन महिन्यांनी तोच मंत्र टाकला जाईल तेव्हा तुम्हाला तारीख आठवणार नाही, आणि खेळाडूला तुमचे उत्तर शब्दशः आठवत असेल.