ढोलपथकाला झाडांसाठी विचारून बघा

सामाजिक कामात सोबतीला दुसरी संस्था शोधताना आपण आपल्यासारखंच काम करणाऱ्यांकडे जातो. पण त्यांची अडचणही आपलीच असते: माणसं कमी, पैसे त्याहून कमी. त्यापेक्षा आपलं काम कोणत्या महिन्यात अडतं ते आधी कागदावर लिहा आणि त्या महिन्यात रिकामं कोण, ते शोधा.

नाशिकचंच बघा. जुलैत झाडं लावायला फोटोसकट गर्दी होते, एप्रिलमध्ये पाणी घालायला चिटपाखरू नसतं. इकडे ढोलपथकातली पोरं गणपतीआधी दोन महिने रोज संध्याकाळी सरावाला जमतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडे तेवढं काम नसतं. वेळ पाळायची, एका इशाऱ्यावर हलायची सवय त्यांना आहेच. कॅन उचलायला आणखी काय लागतं?

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी काही करताय? पंचवटीतल्या एखाद्या भजनी मंडळात जाऊन बसा. कोणत्या वाड्यात कोण दोन दिवस दिसलं नाही, हे त्या बायकांना तोंडपाठ असतं.

पहिल्या भेटीत अहवाल, लेटरहेड नको. एका रविवारचे दोन तास मागा. टँकरचे पैसे कोण देणार आणि बॅनरवर कुणाचं नाव वर, हे मात्र चहा संपायच्या आत बोलून घ्या. भांडणं बहुतेक बॅनरवरूनच होतात.