स्नायू सैल करणारी गोळी: कोणी, कशी आणि किती दिवस घ्यावी

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागेची कामे एकामागून एक अंगावर येतात. मंडपाखाली मान वर करून दिवसभर विरळणी केलेल्या माणसाची मान संध्याकाळी आखडते, आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या गळीत हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेताना एखाद्याच्या कमरेत उसण भरते. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा वेदनाशामकाच्या जोडीला स्नायू शिथिल करणारे औषध लिहून देतात. दुखणाऱ्याला आधी कूस बदलता यावी, रात्री झोप लागावी आणि सकाळी अंगणात चार पावले चालता यावीत, एवढ्यासाठी ते असते. गोळी घेऊन त्याच दिवशी पुन्हा मोळी उचलणे हा त्याचा उपयोग नव्हे; आपल्याकडे मात्र ती अनेकदा त्यासाठीच घेतली जाते, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

ही औषधे आखडलेल्या जागेवर जाऊन काम करीत नाहीत. त्यांचा परिणाम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जू यांवर होतो, म्हणूनच त्यांच्यातील बहुतेकांमुळे कमी-अधिक गुंगी येते. झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे किंवा रात्री पिंढरीत येणारे गोळे यांवर त्यांचा फारसा भरवसा धरू नये. कंबरेचे अचानक उद्भवलेले साधे दुखणे बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात शेक, मालिश यांसारखे उपाय आधी आणि औषध हवेच असेल तर वेदनाशामक किंवा स्नायू शिथिल करणारी गोळी, असा क्रम लावलेला आहे. पायाळू माणसाकडून कमरेला हलकेच पाय लावून घेण्याने कोणाला बरे वाटत असेल तर वाटो; परंतु आखडलेल्या पाठीवर कोणालाही उभे करू नये.

काही लक्षणे दिसल्यास गोळीचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठले पाहिजे. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेच्या आतील व बसण्याच्या भागात बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, पाठदुखीबरोबर ताप येणे, आणि वयस्क माणूस पडल्यानंतर पाठ दुखू लागणे, ही ती लक्षणे होत. यांपैकी पहिल्या काहींमध्ये मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि तिथे उशीर परवडत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर दुखणे सांगण्याइतकेच महत्त्व आपली इतर औषधे सांगण्याला आहे. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, झोपेची गोळी, मनोविकाराचे औषध, सर्दीची गोळी, खोकल्याचे पातळ औषध, नसांच्या दुखण्यासाठी चालू असलेले प्रीगॅबलिन किंवा गॅबापेंटिन, यांतील जे काही चालू असेल त्याच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. नावे तोंडपाठ असण्याची गरज नाही. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचा आजार, जठरातील व्रण, काचबिंदू, गर्भधारणा किंवा अंगावर पाजणे चालू असणे, आणि दारू घेण्याची सवय हेही स्पष्ट सांगावे. संकोचामुळे यातील शेवटची गोष्ट राहून जाते, आणि औषध निवडताना डॉक्टरांना ती कळणे फार आवश्यक असते.

औषध दुकानातून पट्टी हातात आली की ती उजेडात धरून मागची बाजू वाचावी. उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ आहे. मोठ्या अक्षरातील कंपनीच्या नावापेक्षा खालच्या बारीक अक्षरांकडे अधिक लक्ष द्यावे. तिथे बहुधा असे काही दिसेल: अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, थायोकोल्चिकोसाइड ४ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत तीन औषधे आहेत आणि त्यांतील फक्त शेवटचे स्नायू सैल करणारे आहे. एकाच नावापुढे ‘एमआर’, ‘एसपी’, ‘टीएच’ अशी अक्षरे बदलली की आतील औषधही बदलते. शिवाय मधुमेहाच्या काही गोळ्यांवरही ‘एमआर’ असते, आणि तिथे त्याचा स्नायूंशी काहीएक संबंध नसतो. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली पट्टी केवळ नावाच्या साम्यावरून मागून आणणे धोक्याचे ठरते.

तीन औषधांच्या गोळीचे तोटेही तिप्पट तपासावे लागतात. अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी उपाशीपोटी घेऊ नये आणि तिच्यासोबत दुसरे कोणतेही वेदनाशामक घेऊ नये. रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर तिचा ताण पडू शकतो, विशेषतः उन्हात राबून अंगातील पाणी कमी झालेले असताना. तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतल्यास दोन्हींची बेरीज करावी. प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते आणि दारू घेणाऱ्यांसाठी किंवा यकृत अशक्त असलेल्यांसाठी ती त्याहून कमी असते.

आता प्रत्यक्ष स्नायू सैल करणाऱ्या औषधांकडे वळू. थायोकोल्चिकोसाइड ज्या द्रव्यापासून तयार करतात, ते आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या बियांतही असते. ही वनस्पती अत्यंत विषारी आहे, तेव्हा तिचा कंद किंवा बी घरगुती उपाय म्हणून कधीही वापरू नये. २०१३ मध्ये युरोपीय औषध यंत्रणेने, या औषधापासून शरीरात बनणाऱ्या एका पदार्थामुळे पेशींतील गुणसूत्रांना इजा होऊ शकते असे आढळल्यावरून, तोंडावाटे घ्यायचा डोस जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा आणि तोही ७ दिवसांपर्यंतच, अशी मर्यादा घातली. १६ वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता, तसेच गर्भनिरोधक न वापरणाऱ्या प्रजननक्षम वयातील स्त्रिया यांना ते देऊ नये, असेही त्यांनी सांगितले. आपल्या चिठ्ठीवर यापेक्षा अधिक दिवस लिहिलेले असतील तर डॉक्टरांना कारण विचारण्यात काहीही गैर नाही.

टिझानिडिन हे बहुधा २ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. त्याने तोंड कोरडे पडते, गुंगी येते आणि रक्तदाब खाली येतो. म्हणून रात्री लघवीला उठताना आधी खाटेच्या कडेवर मिनिटभर बसावे, मग आधार धरून उभे राहावे. एक बाब विशेष जपण्याची आहे. जुलाबासाठी किंवा लघवीतील संसर्गासाठी सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सासिन टिझानिडिनसोबत घेतले, तर टिझानिडिनची रक्तातील पातळी अनेक पटींनी वाढते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. ही दोन औषधे एकत्र घ्यायचीच नाहीत. फ्लुव्हॉक्सामिन या नैराश्यावरील औषधाचेही तसेच आहे. क्लोरझोक्झाझोनमुळे क्वचित यकृताला गंभीर इजा होते, म्हणून डोळे किंवा लघवी पिवळीधमक दिसू लागल्यास गोळी थांबवून दाखवावे; नुसता केशरी वा लालसर रंग मात्र त्या औषधाचाही असू शकतो. मेथोकार्बामॉलनेही लघवीचा रंग बदलतो.

बॅक्लोफेनची गोष्ट वेगळी आहे. ते लचकेचे औषध नव्हे. पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर येणाऱ्या ताठरपणासाठी ते दीर्घकाळ दिले जाते. इतर गोळ्या लवकर थांबविणे इष्ट असले, तरी हे औषध अचानक बंद केल्यास झटके आणि भास होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करावे लागते. अनेक दिवस जास्त मात्रेत घेतलेले टिझानिडिनही एकदम सोडू नये, कारण रक्तदाब उसळतो. परगावी जाताना या रुग्णांच्या गोळ्या संपणार नाहीत, याची घरच्यांनी आधीच काळजी घ्यावी.

पहिली गोळी रात्री जेवणानंतर, घरी असताना घेणे उत्तम, कारण आपल्याला किती गुंगी येते हे त्यावरून कळते. दुसऱ्या दिवशी डोके जड असेल तर दुचाकी, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, यंत्रमाग यांच्या वाट्याला जाऊ नये. खंबाटकी किंवा यवतेश्वर घाटातून गाडी नेण्याचा तर विचारही करू नये. औषध चालू असेपर्यंत दारू पूर्ण वर्ज्य आहे. झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक सोबत घेतल्यास श्वास मंदावण्याइतकी गुंगी येऊ शकते. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊन भरपाई करू नये. साठीपुढील माणसांना या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी शक्यतो हे औषध टाळावे आणि दिलेच तर रात्रीचा दिवा चालू ठेवावा.

गोळीने मिळालेला सैलपणा हालचालीसाठी वापरावा. दिवसभर खाटेवर पडून राहिल्याने पाठ अधिक ताठरते, म्हणून घरातल्या घरात दर तासाला थोडे चालावे. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटे घ्यावा. पिशवी अंगाखाली ठेवून झोपू नये, कारण गुंगीत चटका बसलेला कळत नाही. तीन-चार दिवसांत काहीच फरक नसेल तर गोळी वाढवू नये, डॉक्टरांकडे परत जावे आणि फिजिओथेरपीबद्दल विचारावे.

अंगावर पुरळ, ओठ-चेहऱ्याला सूज, शौच काळे होणे, भोवळ येऊन पडणे किंवा हाका मारूनही नीट जागे न होणे यांपैकी काही घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पट्टी सोबत न्यावी. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य नागरिकही कळवू शकतो. पट्टी दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये, मुलांच्या हाताला लागू देऊ नये, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या हंगामासाठी फडताळात साठवू नयेत.