गाणे माणसामागून चालवायचे कसे : जुन्या गोवेकर घरासाठी

आमचे घर फोंड्याकडे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, सगळे एकामागे एक, मध्ये जाड चिऱ्याच्या भिंती. आई सकाळी सोप्यात नाट्यगीते लावते आणि नारळ खवायला आत जाते. गाणे बाहेरच राहते. आवाज वाढवावा तर पेपर वाचणाऱ्या बाबांना त्रास, फोन हाताळावा तर बोटे ओली. म्हणून गाणे तिच्यामागून जावे आणि नुसता हात हलवून बदलावे, अशी सोय केली. थोडी सोल्डरिंग येत असेल तर दोन-तीन रविवारांत होते.

आधी स्पीकर जुळवा. ब्लूटूथ इथे उपयोगाचे नाही. त्यात आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो, तोही प्रत्येक स्पीकरवर वेगळा. वायफायवर चालणारे, शक्यतो एकाच जातीचे स्पीकर घ्या आणि गूगल होम ॲपमध्ये सगळ्यांचा एक गट करा. राउटर माजघरात ठेवा आणि चिऱ्यापलीकडच्या खोल्यांना २.४ गिगाहर्ट्झ वापरा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर मरते. मग घुमट या मातीच्या तालवाद्याचे वादन लावून दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभे राहा. थाप एकच ऐकू आली तर काम झाले. दहा मीटरवरून येणारा आवाज तसाही ३० मिलिसेकंद उशिरा येतो आणि कान तेवढे चालवून घेतो. थाप दोनदा ऐकू आली तर मात्र ॲपमध्ये त्या स्पीकरचा विलंब दुरुस्त करा.

मेंदू बसवा. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर घाला, सॉफ्टवेअर मोफत आहे. हा संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

माणूस कुठे आहे ते कळू द्या. खरी मेहनत इथे आहे. फोनच्या ब्लूटूथवरून खोली ओळखता येते, पण आईचा फोन दिवसभर चार्जिंगला. दिवे लावणारा साधा मोशन सेन्सर हालचाल थांबली की माणूस गेला असे समजतो, आणि विळीवर बसलेली बाई फारशी हलत नाही. म्हणून प्रत्येक खोलीत एलडी-२४१० हे छोटे रडार लावा, ईएसपी-३२ या वायफायच्या छोट्या बोर्डाला जोडून. जोडणी चार तारांची : ५ व्होल्ट, ग्राउंड, आणि रडारची टीएक्स (पाठवणारी तार) बोर्डाच्या आरएक्सला (घेणारी), आरएक्स टीएक्सला. बोर्डावर ईएसपीहोम हे त्याचे सॉफ्टवेअर घातले की सेन्सर होम असिस्टंटमध्ये दिसतो.

हे रडार खोलीचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे पाडते आणि प्रत्येक टप्प्याची संवेदनशीलता वेगळी ठेवता येते. आमच्या रिकाम्या माजघरात पहिले दोन दिवस सतत कोणीतरी ‘बसलेले’ होते. तो छताचा पंखा होता. सेन्सर छाती-उंचीवर, पंख्याकडे पाठ करून लावला आणि पंख्याच्या अंतराचे टप्पे मंद केले, तेव्हा शांतता झाली. वाऱ्याने हलणारा पडदाही असाच फसवतो. चिरा रडारची लहर बऱ्यापैकी अडवतो, पण लाकडी दार किंवा प्लायची पार्टिशन अडवत नाही, तेव्हा सेन्सरचे तोंड तिकडे करू नका.

गाणे हलवू नका, फक्त आवाज हलवा. बहुतेक जण माणसाने खोली बदलली की एक स्पीकर बंद करून दुसरा चालू करायला जातात आणि मध्ये गाणे तुटते. गाणे पूर्ण गटावर चालूच ठेवा, रिकाम्या खोल्यांचा आवाज शून्यावर ठेवा. होम असिस्टंटमध्ये नियम घाला : माणूस खोलीत शिरला की तिथला आवाज दोन सेकंदांत चढवा. मागच्या खोलीचा मात्र ३० सेकंद थांबून उतरवा. कोणी नुसते पाणी प्यायला आत आले तर सोपा लगेच मुका होऊ नये.

हाताची खूण. स्वयंपाकघरात एपीडीएस-९९६० सेन्सर लावा. हात समोरून १० ते २० सेंटिमीटरवरून फिरवला की डावे, उजवे, वर, खाली अशा चार दिशा तो ओळखतो. उजवीकडे म्हणजे पुढचे गाणे, वर-खाली म्हणजे आवाज. डावी दिशा आम्ही मोकळी सोडली आहे; चार खुणा आईला लक्षात ठेवायला लावणे मला पटले नाही. चुलीच्या वाफेपासून आणि खिडकीच्या थेट उन्हापासून तो दूर हवा, नाहीतर चुकतो. आमचा मोरीच्या बाजूला, कपबशीच्या फडताळाखाली आहे. कॅमेऱ्यानेही हात ओळखता येतो, पण स्वयंपाकघरात कॅमेरा मी लावणार नाही.

आवाजाची खूण फक्त त्याच खोलीपुरती ठेवा. आईने हात वर केला तर बाबांच्या पेपरापर्यंत काही पोचता कामा नये.

एक बटण हवेच. रडारला माणूस दिसतो, कोण ते दिसत नाही. गणेश चवथीला पंचवीस माणसे आली की प्रत्येक खोली वाजू लागते. दाराशी एक साधे बटण लावा : दाबले की सगळी यंत्रणा थांबते आणि आवाज सोप्यात राहतो. पावसात लाइट जाऊन आल्यावर स्पीकर आधीच्या आवाजात उठू नयेत म्हणून, सुरू होताच सगळे शून्यावर जातील असा नियमही घाला. आमच्याकडे तो पहाटे तीन वाजता एकदा सगळे घर जागे झाल्यावर घातला.