पाळी गेल्यावर हाडांसाठी ओमेगा-३ घेताय? आधी बाटली उलटी करून बघा

आधीच सांगून टाकते, फिश ऑइलच्या, म्हणजे ओमेगा-३ असलेल्या माशाच्या तेलाच्या गोळीनं हाडं मजबूत होतात असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐका आणि सोडून द्या. घेऊच नका असं नाही म्हणत मी, पण कशासाठी घेतोय ते माहीत असलेलं बरं.

होतं काय, की पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, त्यात पहिली ५-७ वर्षं सगळ्यात वाईट, काहीजणींची हाडांची घनता तेवढ्यात २० टक्क्यांपर्यंत घसरते. आता ओमेगा-६ (खाण्याच्या तेलांतली दुसऱ्या प्रकारची चरबी) पासून शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन बनतं, ते जास्त झालं की ही कुरतड वाढते, आणि ओमेगा-३ मधलं ईपीए त्याच्या वाटेत आडवं येतं. कागदावर एकदम झकास! पण युरोपात डू-हेल्थ नावाची मोठी चाचणी झाली, सत्तरीच्या पुढचे २१५७ जण, त्यातल्या साधारण निम्म्यांना ३ वर्षं रोज १ ग्रॅम ओमेगा-३ दिलं, २०२० मध्ये निकाल आला तर फ्रॅक्चरमध्ये म्हणावा असा फरक नाही.

म्हणून गोळीच्या आधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. त्यातला घनतेचा आकडा, टी-स्कोअर, -२.५ किंवा त्याच्याही खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, तिथे डॉक्टरांचं औषधच लागतं, ओमेगा-३ च्या भरवशावर बसू नका. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, प्रोटीन आणि वजन उचलायचे व्यायाम हे तर कुठल्याही परिस्थितीत हवंच.

एवढं करूनही घ्यायचंय? मग बाटली उलटी करा. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ असतं ना, ते नुसत्या तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात बऱ्याचदा ईपीए १८० आणि डीएचए (ओमेगा-३ चाच दुसरा प्रकार) १२० सापडतं, म्हणजे कामाचं ३००च. दोन बाटल्यांची तुलना करायची तर याच आकड्यांची करा, आणि हा आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा तेही बघा, तिथे हमखास फसायला होतं.

मी स्वतः फसले ते वेगळ्याच ठिकाणी. आईला फिश ऑइल म्हणून आणलं ते निघालं कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, त्यात रेटिनॉल स्वरूपातलं व्हिटॅमिन ए असतं, आणि तिची मल्टिव्हिटॅमिन गोळी आधीच चालू होती, त्यातही ए! हे ए जास्त झालं तर हाडांना उलट त्रासच, दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या वर जायचं नाही. हाडांसाठी आणलं आणि हाडांवरच उठलं असतं. तेव्हापासून सगळ्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बेरीज करते.

मासे चालत नसतील तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, त्यात डीएचए थेट असतं. जवस चांगलंच, पण त्यातल्या एएलएचं (वनस्पतींमधलं ओमेगा-३) शरीरात ईपीए फार थोडं बनतं आणि डीएचए तर नावालाच. आणि जवस कुटून खा हो, अख्खं तसंच बाहेर पडतं.

गोळी भरपेट जेवणासोबत घ्या, तेलतूप पोटात असलं की नीट शोषली जाते आणि माशाचे ढेकरही कमी येतात. अ‍ॅलेन्ड्रोनेट (ऑस्टिओपोरोसिसचं औषध) चालू असेल तर ते सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत एकटंच घ्यायचं, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही आणि दुसरी कुठलीही गोळी नाही. रक्त पातळ करायचं औषध असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका, जास्त डोसनं ठोके बिघडायचा धोका वाढतो.

नवीन बाटली उघडली की एक गोळी कात्रीनं कापून वास घ्या. माशाचा हलका वास ठीक, पण जुन्या तळणाच्या तेलासारखा खवट वास आला तर एक्स्पायरी डेट काहीही असो, बाटली परत करा.