उठू न शकणाऱ्या गायीच्या मणक्यातलं पाणी: अहवाल कसा वाचावा
व्यायलेल्या गायीत आधी रक्तातलं कॅल्शियम बघा; ते कमी पडल्यानेही गाय उठत नाही. मणक्यातल्या पाण्याचा, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा, नमुना निफाड-सिन्नरच्या गोठ्यातून नाशिकला पोचेपर्यंत त्यातल्या पेशी फुटू लागतात. पेशींची मोजणी तासाभरात, जवळच करून घ्या.

निरोगी पाणी स्वच्छ, रंगहीन. प्रथिनं साधारण ४० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १० पेक्षा कमी. लाल नमुना सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून पेशी खाली बसवा): वरचं पाणी स्वच्छ झालं तर रक्त बहुधा सुईमुळे आलेलं, पिवळसर राहिलं तर जुन्या रक्तस्रावाची शक्यता. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फार वाढले तर जिवाणूंचा मेंदूज्वर. एककेंद्रकी पेशी (लिम्फोसाइटसारख्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर लिस्टेरिया या जिवाणूचा संशय घ्या, रेबीजचाही; म्हणून हातमोजे पहिल्यापासूनच घाला. गाठीने मज्जारज्जू दाबला असेल तर मात्र अहवाल नॉर्मलही येतो, तेवढ्यावरून मणका ठीक समजू नका.