दार्जिलिंगच्या वाफेच्या इंजिनाचे फोटो कसे काढावेत

माझं आजोळ कुर्डूवाडीचं. बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली की आम्ही पोरं हातातलं टाकून फाटकाकडे पळायचो. त्या कोळशाच्या इंजिनाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ते कधी दिसेनासं होईल असं तेव्हा कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पुढे १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची वाफ संपली आणि काही वर्षांत मीटरगेजवरचीही. दार्जिलिंगच्या दोन फुटी रुळांवर मात्र १८८९ पासून पुढे काही दशकं बनलेली ‘बी’ वर्गाची इंजिनं अजून कोळसा खाऊन डोंगर चढतात. तिथे जाणार असाल, तर माझ्यासारखे पहिले दोन दिवस वाया घालवू नका.

तिकीट आधी काढा. दार्जिलिंग ते घूम आणि परत अशा फेऱ्या डिझेलवरही असतात, त्यामुळे वाफेच्या इंजिनाचीच फेरी निवडली आहे ना, हे आरक्षण करताना नीट बघा. पण गाडीत बसून इंजिनाचा फोटो मिळत नाही. एक दिवस बसण्यासाठी आणि दोन दिवस रस्त्यावर उभं राहण्यासाठी ठेवा. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम. हवा स्वच्छ असते आणि थंडीही असते. या थंडीचं महत्त्व फार आहे. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती गार हवेत थिजून तिचे बारीक थेंब झाले की पांढरा ढग दिसतो. म्हणून सकाळी सातला जे इंजिन ढगात बुडालेलं असतं, तेच दुपारी उन्हात उघडंबोडकं वाटतं.

पहिल्या सकाळी थेट इंजिनांच्या शेडकडे जा. दार्जिलिंगची शेड स्टेशनसमोरच, रस्त्यापलीकडे आहे. आत जायचं तर परवानगी घ्या. नाही मिळाली तरी रस्त्यावरून बरंच दिसतं. तासभर कॅमेरा गळ्यात ठेवून नुसतं बघा. एक माणूस हातोडीने कोळशाची ढेकळं फोडत असतो, कारण एवढ्याशा भट्टीला मोठा तुकडा चालत नाही. ढेकूळ फुटलं की आतली बाजू क्षणभर काचेसारखी चमकते. फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, भट्टीचं दार उघडतो तेव्हा त्याच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत नारिंगी उजेड चढतो आणि दार मिटलं की विझतो. तो उजेड दोन-तीन सेकंदच टिकतो. त्याच्या हाताची लय ओळखा. फावडं कोळशात शिरलं की पुढची हालचाल दाराची. बोट तेव्हाच बटणावर हवं. आणि आधी त्याला विचारा. हसून ‘हो’ म्हणालेल्या माणसाचा फोटो चोरून काढलेल्या फोटोपेक्षा नेहमीच सरस येतो. दुसऱ्या दिवशी एखादी प्रिंट नेऊन दिलीत तर फारच छान.

मग जागा निवडा. माझ्या मते सगळं कौशल्य इथेच आहे. धूर हवा असेल तर चढ शोधायचा. घूम स्टेशन २,२५८ मीटरवर, दार्जिलिंगपेक्षा वर आहे. म्हणून घूमकडे जाताना इंजिन जीव तोडून ओढतं, आणि परतीच्या उतारावर जवळजवळ गप्प असतं. नवा कोळसा पडला की धूर काळा होतो, थोड्या वेळात निवळतो. थंडीत दव पडून रूळ ओले असले की इंजिनाच्या पुढच्या टोकावर बसलेली माणसं चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर हाताने वाळू टाकतात. वळणावर थोडं पुढे उभं राहिलात तर ते हात फोटोत येतात.

बतासिया लूपला सगळेच जातात, तुम्हीही जा. १९१९ साली बांधलेल्या या वळशात गाडी गोल फिरून मघाशी पार केलेल्या रुळांच्या वरून पुढे जाते. फेरीची गाडी तिथे दहा मिनिटं थांबते. मागे कांचनजंगा हवं असेल तर सकाळची पहिली फेरी गाठा, उशिरा ढग चढतात.

आता कॅमेरा. गाडीचा वेग ताशी १२-१५ किलोमीटरच असतो, त्यामुळे १/२५० सेकंदात इंजिन स्वच्छ गोठतं. पण मला १/३० आवडतो. गाडीबरोबर कॅमेरा फिरवत राहायचं. इंजिन स्पष्ट येतं, चाकं आणि मागची दुकानं पुसट होतात. चाकांना जोडणारा दांडा तळाला आलेला असताना फोटो काढा, चाकं पूर्ण दिसतात. चाक जेमतेम ६६० मिलिमीटरचं, एका फेऱ्यात चार झुकझुक. कान देऊन ऐकलंत तर वेळ पकडता येते.

उजेडाच्या मोजमापात इथे हमखास चूक होते. कॅमेरा गडद इंजिन बघून फोटो उजळ करतो आणि वाफ पांढरीफटक होऊन तिचा आकारच जातो. माझा पहिला पूर्ण दिवस असाच गेला. एक्स्पोजर (कॅमेरा आत घेतो तो उजेड) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या नोंदीत, काढा. अंधारातलं इंजिन नंतर उजळता येतं, जळालेली वाफ परत आणता येत नाही. मोबाइलवर काढत असाल तर वाफेवर बोट टेकवून उजेड खाली ओढा. सूर्य वाफेच्या मागे येईल असं एकदा तरी उभं राहा.

रुळांवर मात्र उतरू नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं १९८९ च्या कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. इथे तर त्याची गरजही नाही, हिल कार्ट रोड हा इथला रस्ता बरंच अंतर रुळांना चिकटून जातो. दुकानाच्या पायरीवरून हात लांब केला तर डबा लागेल इतका. फक्त मागून येणाऱ्या जीपकडे लक्ष असू द्या.

थंडीतून हॉटेलच्या उबेत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घालून चेन लावा आणि तासभर तसाच ठेवा, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. आणि शेवटच्या दिवशी फोटो पुरेसे झाले की फोन कठड्यावर ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा. माझ्याकडे घूमच्या चढाचा चार मिनिटांचा असा एक तुकडा आहे. आईला तो ऐकवला, तर ती म्हणाली, ‘फाटक उघडं राहिलंय का बघ.’