आरनॅव्ह आणि आरएनपी : आकडे घोकण्याआधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बारावीला फिजिक्स-मॅथ्स करून सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) किंवा एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) तयारीला लागलेली मुलं आरनॅव्ह ५, आरनॅव्ह १, आरएनपी १, आरएनपी एपीसीएच (उतरण्याच्या वाटेसाठीची आरएनपी) असा तक्ता घोकून काढतात. विमानाने आखलेली वाट किती अचूक धरावी, याचे हे दर्जे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पेपरला ७० टक्के लागतात, ते तेवढ्यावर मिळतीलही. पण आरनॅव्ह १ आणि आरएनपी १ दोन्हींत आकडा १च, मग फरक कशाचा, असं कुणी विचारलं की तक्ता गप्प बसतो.

आकड्याचा अर्थ दोन्हीकडे एकच: उड्डाणाच्या ९५ टक्के वेळेत विमान आखलेल्या वाटेपासून बाजूला १ सागरी मैलाच्या, म्हणजे १,८५२ मीटरच्या आत असलं पाहिजे. फरक पहाऱ्याचा. आरएनपीमध्ये विमानातली यंत्रणा स्वतःच्या अचूकतेवर लक्ष ठेवते आणि खात्री राहिली नाही की वैमानिकाला इशारा देते. आरनॅव्हमध्ये ही अट नाही, म्हणून आरनॅव्ह १ सहसा रडारच्या नजरेखाली वापरतात. आता गोम अशी, की अरबी समुद्रावरच्या मार्गांना लागणाऱ्या ‘आरएनपी १०’मध्ये ही पहाऱ्याची अट नाहीच. तो खरं तर आरनॅव्ह १०. आधीच्या मंजुऱ्या त्याच नावाने दिलेल्या होत्या, म्हणून नाव टिकलं. नुसत्या इनर्शियलवर (बाहेरच्या संकेतांशिवाय, स्वतःच्या हालचालीवरून स्थान काढणाऱ्या यंत्रणेवर) उडणाऱ्या विमानाला तिथे साधारण ६.२ तासांची मर्यादा असते, कारण त्याची चूक वेळेबरोबर साचत जाते.

दोन डीएमईंवरून (विमानाला आपल्यापासूनचं अंतर कळवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून) स्थान काढताना त्या दोन केंद्रांच्या दिशांमधला कोन विमानापाशी ३० ते १५० अंशांत हवा. कोकणात हे नकाशा उघडून बघण्यासारखं आहे. किनाऱ्यापासून जरा आत समुद्रावर गेलात की सगळी केंद्रं एकाच बाजूला, जमिनीकडे उरतात आणि कोन चिंचोळा होत जातो. स्थान मिळतं, पण ढिलं. म्हणूनच तिथे भिस्त उपग्रहांवर. जीपीएसच्या रिसीव्हरला एखादा उपग्रह चुकतोय एवढं कळायला किमान ५ उपग्रह लागतात, तो ओळखून वगळायला ६. बॅरोमीटरची उंची जोडली तर दोन्हींत एकेक कमी चालतो. निघण्यापूर्वी रेमचा, म्हणजे रिसीव्हरच्या या स्वतःच्या तपासणीचा, अंदाज बघायचा. पोहोचण्याच्या वेळेला ५ मिनिटांहून जास्त सलग खंड दिसत असेल तर वेळ बदला, नाहीतर उतरण्याची दुसरी आखलेली वाट, म्हणजे दुसरी अ‍ॅप्रोच ठरवा.

अ‍ॅप्रोचवर मात्र सावकाश. चिपीसारखी (सिंधुदुर्गाचा विमानतळ) सड्यावरची पूर्व-पश्चिम धावपट्टी डोळ्यासमोर आणा: पश्चिमेकडून आलात तर येताना समुद्र, आणि न उतरता पुन्हा वर चढताना, म्हणजे मिस्ड अ‍ॅप्रोचला समोर सह्याद्री. प्रोसिजर विमानातल्या डेटाबेसमधून तिच्या नावानेच लोड करायची. वेपॉइंट (वाटेवरचे ठरलेले बिंदू) हाताने टाकायचे नाहीत, बदलायचे नाहीत. डेटाबेस चालू सायकलचा आहे ना, हे आधी बघा. तो दर २८ दिवसांनी बदलतो. मग प्रत्येक लेगचा (दोन वेपॉइंटमधल्या टप्प्याचा) ट्रॅक आणि अंतर चार्टशी ताडून पाहा. फायनल अ‍ॅप्रोच फिक्सच्या (जिथून शेवटची उतरण सुरू होते त्या बिंदूच्या) २ सागरी मैल आधी, वाटेपासून किती सरकलो ते दाखवणाऱ्या सुईचं प्रमाण १ मैलावरून ०.३कडे आकसायला लागतं. तसं झालं नाही तर अ‍ॅप्रोच मोड लागलेला नाही. पुढे उतरू नका. फायनलवर वैमानिकाच्या हातात ०.३चा निम्मा, म्हणजे ०.१५ मैल, जेमतेम २८० मीटर. बाकीचं यंत्रणेच्या चुकीसाठी राखून ठेवलेलं असतं.

उभ्या दिशेत सगळ्यात जास्त घात क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकावर लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब, करतो. १ हेक्टापास्कल म्हणजे सुमारे २८ फूट. मान्सूनमध्ये दाब उतरलेला असतो. अशा वेळी १००३ ऐवजी १०१३ लागलं तर बॅरो-व्हीएनएव्हीची (हवेच्या दाबावरून उतरण दाखवणाऱ्या यंत्रणेची) सुई अगदी मधोमध दाखवत राहील आणि विमान जवळपास २८० फूट खाली असेल. या यंत्रणेचा कुठलाही इशारा वाजणार नाही, कारण तिच्या लेखी सगळं ठीक आहे. थंडीत विमान खाली येतं हे सगळे शिकवतात. कोकणात उलटं होतं. ३५ अंश तापमानात ३ अंशांची उतरण प्रत्यक्षात ३.२च्या आसपास पडते आणि वेग आवरायला जड जातं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या गगन या जीपीएसची अचूकता वाढवणाऱ्या प्रणालीवरची एलपीव्ही अ‍ॅप्रोच उपग्रहांवरून उंची घेते, तिला ही दोन्ही दुखणी नाहीत. इंडिगोच्या एटीआर विमानाने एप्रिल २०२२मध्ये राजस्थानातल्या किशनगडला अशी अ‍ॅप्रोच करून दाखवली आहे.

जुन्या चार्टवर आरनॅव्ह जीएनएसएस (उपग्रहांवरची आरनॅव्ह) लिहिलेलं असेल, नव्यावर नुसतं आरएनपी. अ‍ॅप्रोच तीच, गोंधळू नका. फायनलवर इशारा आला तर धावपट्टी दिसत नसताना कारण शोधत बसायचं नाही: मिस्ड अ‍ॅप्रोच, आणि विमान सावरलं की टॉवरला “युनेबल आरएनपी, लॉस ऑफ रेम”. एटीसीला जाणाऱ्यांनी हे वाक्य पलीकडच्या बाजूने पाठ करावं. ते ऐकल्यावर त्या विमानाला दुसरी आरएनपी अ‍ॅप्रोच देऊन उपयोग नसतो, रडार वेक्टर (रडारवर बघून सांगितलेली दिशा) किंवा आयएलएस-व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून उतरणं) असेल ते द्यावं लागतं.